जर्मनीत कुठली शहरं बघायची? आईनंच सांगावं

आज बचत नाही, कर्जाचे हप्ते नाहीत. आज आपण जर्मनीला फिरायला जायचं म्हटलं तर कुठली शहरं निवडायची, यावर बोलू.

हसू नका. आपल्या भागातल्या पोरी नर्सिंग करून तिकडं निघाल्यात, पोरं आयटीआय आणि इंजिनिअरिंग करून निघालीत. 2024 साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला. तेव्हापासून गटाच्या बैठकीतही जर्मन भाषेच्या क्लासची चौकशी होते. पोरगं तिकडं रुळलं की फोन येतो, "आई, महिनाभर ये." व्हिसा, विमा, तिकीट लेकरं बघतात. मग विचारतात, "आई, तुला काय बघायचंय?" आणि आपलं उत्तर ठरलेलं, "तुम्ही न्याल तिकडं येईन की."

घोळ होतो तो इथंच. जाऊन आलेल्या बायांशी आम्ही बोललो, तर दोन तऱ्हा दिसल्या. काही जणी महिनाभर लेकीच्या स्वयंपाकघरात राहून आल्या. थालीपीठं, चिवडा, लाडू, आणि खिडकीतून दिसलं तेवढं जर्मनी. काही जणींना मुलांनी हौसेनं आठ दिवसांत सात शहरं दाखवली. त्यांना आता फोटो दाखवला तरी सांगता येत नाही, हे कुठलं गाव. दोन्हीकडं लेकरांची माया कमी नव्हती. बाईनं आपलं मन सांगितलं नव्हतं, एवढंच. आणि मन सांगायचं तर थोडी माहिती लागते.

आधी अंदाज घेऊ. जर्मनी आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडा मोठा. महाराष्ट्र साधारण 3 लाख 8 हजार चौरस किलोमीटर, जर्मनी 3 लाख 57 हजार. म्हणजे चंद्रपूर, कोल्हापूर, मुंबई आणि नंदुरबार आठ दिवसांत बघा म्हटलं तर आपण जे म्हणू, तेच तिथंही म्हणायचं. जलद रेल्वे आहे, खरं. तरी बर्लिनहून म्युनिकला चारेक तास आणि हॅम्बुर्गहून म्युनिकला सहाएक तास बसावंच लागतं. शिवाय बॅग ओढणं, जिने, नव्या खोलीची किल्ली.

म्हणून आमचं पहिलं म्हणणं असं, की लेकराचं घर हाच मुक्काम धरा. त्याच्या भोवतीची दोन-चार गावं सकाळी जाऊन संध्याकाळी परत, अशी बघा. रात्री राहायचं असं बाहेर दोनच ठिकाणी ठेवा.

पोरं स्टुटगार्टच्या बाजूला असतील, तर नशीब चांगलं. हे बाडेन-व्युर्टेमबर्गचं राजधानीचं शहर, आणि 1968 पासून मुंबईचं भगिनी शहर. तिथं मर्सिडीजचं मोठं संग्रहालय आहे. गाड्यांचं आपल्याला काय, म्हणाल. पण 1888 सालची एक गोष्ट ऐका. कार्ल बेन्झनं मोटारगाडी बनवली होती, पण लोकांचा भरवसा बसेना. ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्टा नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन ती गाडी काढून निघाली, मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे माहेरी. शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधन संपलं तेव्हा एका औषधाच्या दुकानातून घेतलं, नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेनं साफ केली. गाडी लांब पल्ल्याला चालते हे जगाला बाईनं दाखवलं. एवढं माहीत असलं की त्या संग्रहालयात आपलंही मन रमतं.

स्टुटगार्टहून लोकल गाडीनं एस्लिंगेन अगदी जवळ, ट्युबिंगेन तासाभरावर. दोन्हीकडं लाकडी चौकटींची जुनी घरं, नदी, आणि चालत बघून होईल एवढंच गाव. हायडेलबर्गला नेकार नदीवर जुना पूल आहे, वर टेकडीवर पडका किल्ला. युद्धात जर्मनीतली बहुतेक मोठी शहरं बाँबनी उद्ध्वस्त झाली, हे मात्र बरंचसं वाचलं. जुनं जर्मनी कसं दिसत असेल ते इथं कळतं. किल्ल्यावर जायला छोटी रेल्वे आहे, त्यामुळं गुडघ्यांची काळजी नाही.

आणि एक दिवस फ्रायबुर्गला द्या. आमच्या मते शेतकरी बाईनं बघावं असं हे गाव. मोठ्या चर्चभोवती रविवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो. चर्चच्या उत्तरेला स्वतःचा माल आणणारे शेतकरी, दक्षिणेला व्यापारी. गिऱ्हाइकाला लगेच कळतं, कुणाचा माल शेतातला आणि कुणाचा आणलेला. आपल्या आठवडी बाजारात अशी ओळ आखली तर काय होईल, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. तिथल्या गल्ल्यांतून वाहत्या पाण्याचे लहान पाट आहेत, दारापुढून पाणी खळखळत जातं. दुपारनंतर बाजार उठतो, म्हणून सकाळची गाडी धरायची.

लेकरू हॅम्बुर्गला किंवा बर्लिनला असेल, तर ही गावं सोडून द्या. हॅम्बुर्गहून ल्युबेक जवळ, ब्रेमेन जवळ. फ्रायबुर्ग चांगलं म्हणून देशाच्या दुसऱ्या टोकाहून धावत येऊ नका.

आता मुक्कामाची दोन ठिकाणं. पहिलं बर्लिन, तीन रात्री. त्याहून कमी असेल तर न गेलेलं बरं, कारण शहर फार पसरलेलं आहे. तिथं बघायचं ते भिंतीचं. 13 ऑगस्ट 1961 ला एका रात्रीत शहराच्या मधून तार ओढली, पुढं भिंत झाली. बहीण अलीकडं, भाऊ पलीकडं. बेर्नाउअर रस्त्यावर घरं पूर्वेत आणि दारापुढचा फुटपाथ पश्चिमेत, अशी गत होती. लोकांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. 9 नोव्हेंबर 1989 ला वाट मोकळी झाली, म्हणजे 28 वर्षांनी. त्याच रस्त्यावर आता स्मारक आहे, भिंतीचा तुकडा जसा होता तसा ठेवलाय, आणि बघायला पैसे पडत नाहीत. भावकीत अंगणात भिंत घालतात ते आपण पाहिलेलं असतं. त्यामुळं इथं समजावून सांगायला कुणी लागत नाही.

बर्लिनच्या संसदेवर काचेचा घुमट आहे. वर जाणं फुकट, पण आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं आणि त्या दिवशी पासपोर्ट जवळ लागतो. हे काम मुलाला निघण्याआधीच करायला सांगा.

दुसरा मुक्काम कोलोन किंवा कोब्लेन्झ, ऱ्हाईन नदीच्या काठी. कोलोनचं चर्च स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच. पाया 1248 ला घातला, काम संपलं 1880 ला. ज्ञानेश्वरी लिहून झाली 1290 ला, म्हणजे त्याच्या 42 वर्षं आधी सुरू झालेलं काम इंग्रज आपल्याकडं येऊन स्थिरावले तरी चालूच होतं. मनोऱ्यावर चढायला 533 पायऱ्या आहेत. खालून मान वर करून बघितलं तरी पोट भरतं.

कोब्लेन्झला मोझेल नदी ऱ्हाईनला मिळते. गावाचं नावच मुळी संगम या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडलंय. कराडचा प्रीतिसंगम पाहिलेल्या बाईला तिथं घटकाभर बसावंसं वाटणारच. कोब्लेन्झहून दक्षिणेला बिंगेनपर्यंत काठाकाठानं साधी गाडी जाते. दोन्ही बाजूंना किल्ले आणि उभ्या चढावर लावलेले द्राक्षांचे मळे. नाशिक-सांगलीकडच्या सख्यांनी तर खिडकीच धरून बसावं. असल्या चढावर छाटणी कशी करत असतील, हा विचार सुटत नाही.

याच भागात आपल्या कामाची एक जागा आहे, आणि ती पर्यटनाच्या यादीत सापडत नाही. फ्रिडरिश विल्हेल्म रायफायझेन नावाचा माणूस या बाजूच्या डोंगराळ गावांत मेयर होता. 1846-47 च्या हिवाळ्यात उपासमार आली तेव्हा त्यानं वायरबुश गावात लोकांना एकत्र करून धान्य घेतलं, भट्टी बांधली, पाव स्वस्तात दिला. पुढं फ्लामर्सफेल्ड गावात त्यानं सावकाराच्या तावडीतल्या शेतकऱ्यांना गुरं घेण्यासाठी मदत करणारी संस्था काढली. 1864 ला हेडेसडोर्फमध्ये कर्जसंस्था काढली. सगळ्यांची पत एकमेकांच्या जामिनावर, एकाचं कर्ज बुडालं तर सगळ्यांना झळ. ओळखीचं वाटतं ना? मद्रास सरकारनं फ्रेडरिक निकल्सनला युरोपात पाठवून अहवाल मागवला, त्यानं रायफायझेनचीच वाट सुचवली. त्यानंतर 1904 ला भारतात सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. आपल्या गावच्या सोसायटीचं मूळ शोधत गेलं तर या डोंगरात पोचतं. फ्लामर्सफेल्डला तो राहिला त्या घरात संग्रहालय आहे. गावं लहान आहेत, मुलाकडं गाडी असेल तरच जा. नसेल तर निदान कुठल्याही गावात रायफायझेन बँकेची पाटी दिसली की थांबून बघा.

मग म्युनिक? मुलं नक्की म्हणतील. शहर देखणं आहे, पण बर्लिन आणि म्युनिक दोन्ही एका फेरीत नको. त्यातही सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथं बिअरची मोठी जत्रा असते, खोल्यांचे दर आभाळाला भिडतात. नॉयश्वानस्टाइनचा तो कॅलेंडरवरचा राजवाडा म्युनिकहून दोनेक तासांवर. खालच्या गावातून वर अर्धा-पाऊण तास चढ, आत पुन्हा जिने, आणि तिकिटावर लिहिलेली वेळ चुकली की प्रवेश नाही. गुडघे धड असतील तर हो म्हणा. फ्रँकफर्टला विमान उतरतं तेवढं पुरे.

खर्चाचं थोडं. डॉइचलांड-टिकीट म्हणून महिन्याचा पास मिळतो. 2023 च्या मेमध्ये 49 युरोला सुरू झाला, 2025 ला 58 झाला, आणि किंमत वाढतच चाललीय. साध्या गाड्या, बस, ट्राम सगळ्या देशभर चालतात. जलद गाड्यांना चालत नाही. एस्लिंगेन, ट्युबिंगेन, हायडेलबर्ग, ऱ्हाईनकाठ सगळं यात बसतं. पण तो दर महिन्याला आपोआप पुढं चालू राहतो. बंद करायचा तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत कळवावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात.

जायचं मे ते सप्टेंबरमध्ये. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात साडेचारलाच अंधार. रविवारी दुकानं बंद, म्हणून भाजी-दूध शनिवारीच आणायचं आणि रविवार फिरायला ठेवायचा. स्टेशनवरच्या संडासाला अर्धा ते एक युरो पडतो, सुटी नाणी कमरेच्या पिशवीत असू द्या. पाण्याची प्लास्टिकची बाटली घेतली तर फेकू नका. दुकानातल्या यंत्रात परत टाकली की 25 सेंट परत मिळतात. आणि नळाचं पाणी पिता येतं, तेव्हा घरून एक बाटली नेली तर तीही घ्यायला लागत नाही.