टेन्शन ‘लेस’, चुका ‘फ्युअर’!

शुक्रवारची संध्याकाळ. कंपनीची बस सुटायला दहा मिनिटं बाकी. हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत टीम लीड असलेली माझी मैत्रीण घाईघाईत लंडनच्या क्लायंटला तिमाही रिपोर्टचा मेल टाकते. मागच्या तिमाहीत नऊ गंभीर तक्रारी होत्या, या वेळी फक्त तीन. टीमनं रात्री जागून मिळवलेलं यश! ती लिहिते, ‘वी हॅड लेस सीरियस कम्प्लेंट्स धिस क्वार्टर.’ सेंड. बस पकडली. वीकेंड सुरू.

सोमवारी सकाळी उत्तर हजर. किरकोळ तक्रारींचं समजलं, पण गंभीर तक्रारींचा आकडा कुठाय? आणि ‘सीसी’मध्ये बॉस!

बिचारीला आधी कळेचना, की चुकलं कुठे. स्पेलिंग बरोबर, लाल रेघ कुठेच नाही. गोची केली होती ‘लेस’नं. तिला म्हणायचं होतं, ‘गंभीर तक्रारी कमी आल्या.’ क्लायंटनं वाचलं, ‘कमी गंभीर तक्रारी आल्या.’ ‘लेस’च्या जागी ‘फ्युअर’ असता, तर वाक्याचा एकच अर्थ निघाला असता. कारण ‘फ्युअर’ फक्त संख्या कमी करतो, गांभीर्याला हात लावत नाही.

मराठीत आपण यातून सहज सुटतो. ‘कमी’ हा शब्द उचलून वाक्यात पुढे ठेवला, की काम झालं. इंग्रजीत शब्द असे इकडेतिकडे हलवता येत नाहीत. तिथे जागा नाही, शब्दच बदलावा लागतो.

मोजायचं की मापायचं?

शाळेतला नियम आठवतोय? मोजता येतं त्याला ‘मेनी’ आणि ‘फ्युअर’, मोजता येत नाही त्याला ‘मच’ आणि ‘लेस’. म्हणजे फ्युअर मीटिंग्ज, लेस वर्क. (असं ऑफिस कुठे असेल तर आम्हालाही कळवा!)

पण हा नियम वाटतो तितका सरळ नाही. ऑफिस घरापासून पाच किलोमीटरच्या आत असेल, तर इंग्रज माणूस ‘लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स’च म्हणणार. किलोमीटर मोजता येतात ना? येतात. पण इथे पाच सुटे किलोमीटर डोळ्यांसमोर नसतात, एक सलग अंतर असतं. वेळ आणि पैशाचंही तेच. ‘लेस दॅन ट्वेंटी मिनिट्स’, ‘लेस दॅन अ थाउजंड रुपीज’ अगदी शुद्ध इंग्रजी आहे.

मोजता येण्यासारखं काय, हे वस्तू ठरवत नाही, भाषा ठरवते. आपल्याकडेच बघा ना. पोहे ‘संपले’, साबुदाणा मात्र ‘संपला’. पोहे मोजायला कोण बसलंय? तरी ते अनेकवचनी! इंग्रजीत ओट्स अनेकवचनी आणि राइस एकवचनी, तसंच हे. आपले केस गळतात, त्यांचा ‘हेअर’ गळतो. आपण चार सल्ले देतो, त्यांचा ‘ॲडव्हाइस’ कितीही दिला तरी एकच. म्हणूनच आपल्या मेलमध्ये ‘फर्निचर्स’, ‘इक्विपमेंट्स’ आणि ‘इन्फर्मेशन्स’ डोकावतात. डोकं मराठीत मोजत असतं आणि बोटं इंग्रजीत टाइप करत असतात.

एका साहेबाची आवड

गंमत म्हणजे, ‘लेस’ आणि ‘फ्युअर’मधली ही भिंत फार जुनी नाही. नवव्या शतकात इंग्लंडचा राजा आल्फ्रेड याच्या लिखाणात ‘कमी शब्दांत’ या अर्थी चक्क ‘लेस’चाच जुना अवतार सापडतो. पुढची कित्येक शतकं लोक बिनधास्त तसं लिहीत होते. मग १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या एका लेखकानं इंग्रजीवरच्या पुस्तकात लिहिलं, की संख्येसाठी आपल्याला ‘फ्युअर’ जास्त बरा वाटतो. त्याची ती आवड होती. व्याकरणवाल्यांनी तिचा पुढे नियम केला आणि तो शाळाशाळांत पोचला.

‘मोअर’ची गोष्ट तर उलटीच. जुन्या इंग्रजीत त्यालाही जोडीदार होता. मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी ‘मो’, बाकीच्यांसाठी ‘मोअर’. शेक्सपिअरच्या नाटकांच्या जुन्या छापील प्रतींत हा ‘मो’ भेटतो. नंतर तो गायब झाला आणि एकटा ‘मोअर’ दोघांचं काम करायला लागला. कोणाचं काही अडलं नाही!

तरी ‘लेस’वरून लोक हळवे होतात. ब्रिटनमध्ये सुपरमार्केटच्या झटपट काउंटरवर ‘टेन आयटम्स ऑर लेस’ अशा पाट्या असायच्या. ‘फ्युअर’ हवं, म्हणून भाषाप्रेमी नाकं मुरडायचे. शेवटी २००८ मध्ये टेस्कोनं नवीन पाटी लावली : ‘अप टू टेन आयटम्स’. म्हणजे भांडणातले दोन्ही शब्द कटाप!

खरी गडबड इथे आहे

तेव्हा ‘लेस पीपल’ म्हणालात म्हणून रात्रीची झोप घालवू नका. बोलण्यात खुद्द इंग्रजही तसं म्हणतात. क्लायंटच्या मेलमध्ये किंवा इंटरव्ह्यूला ‘फ्युअर’ वापरा, इम्प्रेशन चांगलं पडतं, बस्स. झोप उडावी ती अर्थ बदलतो तिथे.

एचआरला तुम्ही लिहिता, ‘वी नीड मोअर एक्सपिरियन्स्ड टेस्टर्स.’ तुम्हाला हवेत अनुभवी टेस्टर्स, आणखी दोन. एचआरला वाटतं, आहेत ते कच्चे आहेत, जास्त अनुभवी आणा. इथे आपल्या मदतीला ‘मो’ उरलेला नाही. मग ‘टू मोअर एक्सपिरियन्स्ड टेस्टर्स’ लिहायचं? घोळ तसाच! त्यापेक्षा ‘टू ॲडिशनल टेस्टर्स विथ एक्सपिरियन्स’ लिहा आणि मोकळे व्हा.

दुसरा बॉम्ब आकड्यांचा. गेल्या वर्षी शंभर ऑर्डर्स होत्या, यंदा ‘थ्री टाइम्स मोअर’. किती झाल्या? बहुतेक लोक तीनशे म्हणतील. पण अकाउंट्समधला एखादा काटेकोर माणूस शंभरात तीनशे मिळवून चारशे करेल. ‘थ्री टाइम्स ॲज मेनी’ म्हटलं, की तीनशेच. इथे आपली ‘तिप्पट’ किती सरळ आहे बघा! कोटेशनमध्ये किंवा करारात असं काही लिहायची वेळ आली, तर शब्दांच्या नादी लागूच नका, सरळ आकडा टाका.

आणि तो इवलासा ‘अ’! ‘अ फ्यू क्लायंट्स केम’ म्हणजे काही क्लायंट आले, बरं झालं. ‘फ्यू क्लायंट्स केम’ म्हणजे फारसं कोणी फिरकलंच नाही. प्रॉडक्ट लाँचच्या रिपोर्टमध्ये हा ‘अ’ गळला, तर अप्रेझलच्या वेळी आठवण निघणार.

सेंड दाबण्याआधी

• सुटं मोजताय? ‘फ्युअर’. वेळ, अंतर, पैसे? ‘लेस’.
• ‘मोअर’ किंवा ‘लेस’नंतर विशेषण आलं, की थांबा. वाक्याचे दोन अर्थ निघतायत का, पाहा.
• फर्निचर, ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, इक्विपमेंट यांना ‘एस’ लावू नका.
• पटीत सांगायचं असेल, तर शेजारी आकडाही द्या.

माझ्या मैत्रिणीनं त्या सोमवारी काय केलं? व्याकरणाचं पुस्तक नाही उघडलं. एका ओळीचा मेल टाकला : सीरियस कम्प्लेंट्स, लास्ट क्वार्टर नाइन, धिस क्वार्टर थ्री. पाच मिनिटांत क्लायंटचं ‘ग्रेट जॉब’ आलं. सीसीमध्ये बॉस होतेच!