नियुक्तिपत्रानंतरची आरोग्यतपासणी : प्रश्न कोणते रास्त?

विशेष प्रतिनिधी, नागपूर

मुलाखत यशस्वी होते, नियुक्तिपत्र हाती पडते आणि पाठोपाठ आरोग्यविषयक माहितीचा अर्ज येतो. बुटीबोरी-हिंगण्याचा कारखाना असो वा मिहानमधील कंपनी, अर्ज भरताना उमेदवाराचा हात अनेकदा अडखळतो. जुना आजार सांगितला तर नोकरी हुकण्याची भीती, दडवला तर पुढे खोटी माहिती दिल्याचा ठपका. मात्र, अर्जातील प्रत्येक प्रश्न रास्त असतोच असे नाही.

खासगी नोकरीत आरोग्याविषयी काय विचारावे, हे सांगणारा एकच सर्वंकष कायदा आपल्याकडे नाही. तथापि, न्यायालयांचे निकाल व काही स्वतंत्र कायदे यांतून एक कसोटी पुढे येते : प्रश्नाचा संबंध कामाशी हवा. कोळसा खाणीत उतरणाऱ्याची फुप्फुसे वा वाहनचालकाची दृष्टी तपासणे गरजेचेच. खाणी आणि धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत तर अशी तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे.

कामाशी संबंध नसलेल्या प्रश्नांचे काय, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिले. आयुर्विमा महामंडळात निवड झालेल्या एका महिलेकडून मासिक पाळी, गर्भधारणा आणि गर्भपात यांची माहिती लिहून घेण्यात आली होती. प्रसूतीनंतर, चुकीची माहिती दिल्याच्या कारणावरून तिला परिविक्षाकाळातच कमी करण्यात आले. न्यायालयाने तिला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला. खरा दोष अशा संकोचकारक रकान्यांचाच असल्याचे सांगून ते वगळण्याची सूचनाही महामंडळाला केली.

एचआयव्हीबाधित कामगाराच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानेही १९९७ मध्ये हीच दिशा दाखवली. काम करण्यास सक्षम असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या व्यक्तीला केवळ संसर्गाच्या कारणावरून नोकरी नाकारता येणार नाही, असा तो निकाल होता. सप्टेंबर २०१८ मध्ये अमलात आलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तर नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची पूर्वअट घालण्यासच मनाई केली. ही मनाई खासगी कंपन्यांनाही लागू आहे.

त्यामुळे मालकाने कामाचे स्वरूप आधी स्पष्ट करावे, त्या पदाच्या सर्व उमेदवारांना सारखेच प्रश्न विचारावेत आणि डॉक्टरकडून केवळ ‘सक्षम’ वा ‘असक्षम’ एवढाच निष्कर्ष घ्यावा, हे इष्ट. उमेदवारानेही खोटे लिहिण्याऐवजी प्रश्नाचा कामाशी असलेला संबंध लेखी विचारावा आणि भरलेल्या अर्जाची प्रत जपून ठेवावी. उद्या वाद उद्भवलाच, तर तोच कागद कामी येईल.