नेमणुकीची बातमी कशी वाचावी?

मागच्या व्याख्यानात आपण हेतू आणि हेत्वाभास पाहिले. आज तेच घेऊन वर्तमानपत्र वाचू.

सार्वजनिक प्रसारणसंस्थेवर सत्ताधाऱ्यांच्या जवळचा माणूस नेमला, अशी बातमी आली की आपण काय करतो? पक्ष नावडता असेल तर 'संपली संस्था' म्हणतो. आवडता असेल तर 'सगळेच करतात' म्हणून पान उलटतो. दोन्ही वेळा विचार केलेलाच नसतो.

बीबीसीचं उदाहरण घेऊ. २००१ मध्ये गॅव्हिन डेव्हिस अध्यक्ष झाले. ते मजूर पक्षाचे समर्थक, आणि सत्ताही मजूर पक्षाचीच. टीका झाली. पण इराकच्या बातमीवरून सरकार बीबीसीवर तुटून पडलं, तेव्हा डेव्हिस संस्थेच्या बाजूनं उभे राहिले. हटन अहवाल विरोधात गेल्यावर, जानेवारी २००४ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला. म्हणजे 'पक्षाच्या जवळचा, म्हणून पक्षाच्या कह्यातला' या अनुमानात व्याप्ती नाही. नैयायिक याला सव्यभिचार हेतू म्हणतील.

मग वर्तमानपत्रांनी संशय घेऊच नये का? तसंही नाही. २०२१ मध्ये रिचर्ड शार्प अध्यक्ष झाले. हुजूर पक्षाला त्यांनी चार लाख पौंडांहून अधिक देणगी दिलेली होती. पण त्यांना जावं लागलं ते देणगीमुळे नव्हे. तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या आठ लाख पौंडांपर्यंतच्या कर्जाच्या प्रकरणातला आपला सहभाग त्यांनी निवडीच्या वेळी पुरेसा उघड केला नव्हता. हे २०२३ मध्ये एका वर्तमानपत्रानंच बाहेर काढलं. चौकशी झाली, नियमभंग ठरला आणि शार्प यांनी पद सोडलं. तो जाणूनबुजून केलेला नव्हता, असं त्यांचं म्हणणं. इथे बातमीचा आधार जवळीक नव्हता, लपलेली गोष्ट होती.

त्याच चौकशी अहवालानं आणखी एक मुद्दा मांडला. 'अमुक व्यक्तीला सरकारची पसंती' अशा बातम्या आधीच फोडल्या की इतर लायक माणसं अर्ज करायला कचरतात. म्हणजे बातमी कधी कधी नेमणुकीचा भागच होऊन बसते! तेव्हा वाचकानं विचारायला हवं: हे तुम्हाला कुणी सांगितलं, आणि कशासाठी?

आता आपल्या घरी येऊ. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा. अध्यक्षाची शिफारस तीन जणांची समिती करते: राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती. राष्ट्रपती चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं. मग या समितीत सरकारचं वजन किती? 'सरकारनं नेमलं' एवढंच छापणारी बातमी हा प्रश्न विचारतच नाही. आणि आपणही विचारत नाही.

शेवटी एक साधी कसोटी. बातमीतल्या पक्षाचं नाव बदलून ती पुन्हा वाचायची. आपला राग किंवा आपली शांती तेवढीच राहिली, तर आपण विचार केला. बदलली, तर बातमीआधी आपल्यालाच तपासायला हवं. आम्हाला स्वतःला ही कसोटी दर वेळी उतरता येते असं नाही. पण म्हणून ती सोडून देता येत नाही.