वर्गासाठी लिहिलेलं मॅटलॅब

उपयोजित गणित शिकून पुढे काय, असं कुणी विचारलं की मी क्लीव्ह मोलर यांचं नाव घेते. न्यू मेक्सिको विद्यापीठात ते गणिताचे प्राध्यापक होते. विद्यार्थ्यांना फोरट्रान न लिहिता मॅट्रिक्सची गणितं करता यावीत, म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मॅटलॅब तयार केलं. त्या पहिल्या मॅटलॅबमध्ये डेटाचा प्रकार एकच होता, मॅट्रिक्स! पुढे जॅक लिटल यांच्यासोबत १९८४ मध्ये मॅथवर्क्स कंपनी उभी राहिली.

गणितवाल्याची नजर कुठे कामी येते, ते बघा. ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ आहे का, असं पायथनला विचारा. उत्तर येतं, 'फॉल्स'! कारण बायनरीत ०.१ लिहायला गेलं की आकडे संपतच नाहीत; मशीन ते मध्येच तोडतं. ही इवलीशी चूक लाखो पायऱ्यांनंतर केवढी होईल, याचा हिशोब न्यूमरिकल अ‍ॅनॅलिसिस शिकवतं. हवामानाच्या मॉडेलपासून इंजिनिअरिंगच्या सिम्युलेशनपर्यंत सगळीकडे तो लागतो.

एमएस्सी करताय? मग गाऊस एलिमिनेशन वहीत सोडवून थांबू नका, त्याचा कोड स्वतः लिहा. पिव्होटच्या जागी शून्य आलं की प्रोग्राम कसा अडतो ते बघा, आणि ओळींची अदलाबदल करून त्याला पुढे न्या.