घास सुखाने उतरावा म्हणून

बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि तीव्र अपंगत्व असलेल्या बालकास घरी राहून शिकण्याची मुभा मिळाली. अशा बालकाच्या घरी शिक्षक जातो, तेव्हा पुष्कळदा असे आढळते, की अक्षरओळखीपूर्वीच एक बिकट प्रश्न उभा आहे. तो म्हणजे जेवणाचा.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजेच मेंदूचा पक्षाघात, असलेल्या बालकाचा स्नायूंवर पुरेसा ताबा नसतो. घास गिळताना ओठ, जीभ व घसा यांचा मेळ जमावा लागतो आणि श्वासनलिकेचे तोंड क्षणभर मिटावे लागते. हा मेळ चुकला, की अन्नपाणी फुप्फुसात उतरते व न्युमोनियाचा धोका संभवतो.

आई बालकास मांडीवर आडवे घेते, त्याची मान मागे कलते आणि पातळ पेज चमच्याने घशात ओतली जाते. हेतू मायेचा असतो. परंतु ही रीत घातक होय. बालकास शक्य तितके ताठ बसवावे. पाठीला व पायांना आधार द्यावा. मान मध्यभागी व हनुवटी किंचित खाली असावी. चमचा वरून न आणता समोरून, तोंडाच्या पातळीवर आणावा. अर्धाच चमचा द्यावा आणि तोंड रिकामे झाल्यावाचून दुसरा घास देऊ नये. मऊ कालवलेला वरणभात किंवा कुस्करलेले केळे अनेक बालकांना पाण्यापेक्षा सोपे जाते. कारण पाणी घशात वेगाने धावते. मूल रडत, हसत वा पेंगत असता भरवू नये. जेवणानंतर अर्धा तास त्यास ताठ बसवावे व तोंड स्वच्छ करावे.

ठसका, घरघरता ओला आवाज, डोळ्यांतून पाणी, वरचेवर ताप व खोकला, वजन न वाढणे आणि अर्ध्या तासाहून अधिक लांबणारे जेवण ही धोक्याची लक्षणे होत. काही बालकांना अन्न श्वासनलिकेत गेले तरी ठसका लागत नाही; म्हणून ठसका नाही एवढ्यावर निश्चिंत राहू नये. अशा बालकास डॉक्टर व वाचा-उपचारतज्ज्ञ यांस दाखवावे. अन्न किती घट्ट असावे व कोणते व्यायाम द्यावेत, हे त्यांनीच ठरवावयाचे असते. क्वचित नळीने अन्न देण्याचा सल्ला मिळतो. तो आईच्या सेवेतील उणेपणा समजू नये.

शिक्षकाने उपचारक होण्याचा आव आणू नये. मात्र एखादी भेट जेवणाच्या वेळी द्यावी, शांतपणे पाहावे, आईस दोष न देता बसण्याची योग्य रीत दाखवावी आणि लक्षणांची नोंद करून ती डॉक्टरांपर्यंत पोचवावी. पोट भरलेले व श्वास मोकळा असलेले बालकच पाटीकडे लक्ष देऊ शकते.