सोमवार, शिवराक आणि वास्कोतली इटालियन खानावळ

वास्कोत बाहेर खायला जायचं म्हटलं की आमच्या घरी वर्षानुवर्षं तीनच उत्तरं होती. सकाळ असेल तर भाजीपाव, दुपार असेल तर फिश थाळी आणि पाहुणे शाकाहारी असतील तर उडुपी हॉटेल. चौथं उत्तर गेल्या काही वर्षांत आलं आणि ते मुलांनी आणलं. "आई, त्या इटालियनमध्ये जाऊया ना!"

हे 'इटालियन' म्हणजे काही पंचतारांकित प्रकरण नाही. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, एका जुन्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मांडलेली सात टेबलं आहेत. मालक मूळचे डिचोलीकडचे. क्रूझ जहाजांच्या मुदपाकखान्यात त्यांनी पंधरा वर्षं काढली. गोव्यात अशा बोटीवरच्या माणसाला तारवटी म्हणतात. २०२० साली कोविडमुळे जगभरची प्रवासी जहाजं नांगर टाकून उभी राहिली, तेव्हा हेही घरी परतले. मग नवराबायकोने मिळून हे छोटं दुकान थाटलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा लेख जाहिरातीचा नाही. तो आमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलाबद्दल आहे.

इटलीमध्ये अशा जागेला 'त्रात्तोरिया' म्हणतात. 'रिस्तोरांते' म्हणजे थाटामाटाचं हॉटेल, आणि त्रात्तोरिया म्हणजे घरच्यासारखं जेवण देणारी गल्लीतली जागा. स्वयंपाक बहुधा एकाच कुटुंबाचा, पदार्थ मोजकेच. आपला शब्द वापरायचा तर खानावळ!

खरं तर वास्को आणि इटली यांची ओळख जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात मुरगावचं बंदर पोर्तुगीजांकडे, म्हणजे तटस्थ होतं. तिथे तीन जर्मन जहाजांसोबत 'आन्फोरा' नावाचं एक इटालियन जहाजही आसऱ्याला थांबलं होतं. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या पलटणीतल्या मध्यमवयीन ब्रिटिश स्वयंसैनिकांनी गुपचूप येऊन जर्मन जहाजावर छापा घातला. मग खलाशांनी स्वतःच चारही जहाजं पेटवून बुडवली. ही गोष्ट कित्येक वर्षं गुप्त होती. पुढे १९८० मध्ये तिच्यावर 'द सी वुल्व्हज' हा इंग्रजी सिनेमा निघाला. आन्फोरा या इटालियन शब्दाचा अर्थ तेल किंवा दारू साठवायची दोन कानांची मातीची भरणी. म्हणजे आमच्या बंदराच्या तळाशी इटलीची एक भरणी बुडाली होती, असं मी मुलांना सांगते, तेव्हा त्यांना इतिहासाचा हा धडा फार आवडतो.

आता मूळ मुद्द्यावर येते. मुलांना पिझ्झा आवडतो, ह्यांना पास्ता चालतो, मला तर आयतं मिळालेलं काहीही आवडतं. प्रश्न होता तो आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. वय एक्याऐंशी. माहेर बेळगावकडचं, पण लग्नानंतरचं सगळं आयुष्य पेडण्यात गेलं आणि मामंजी गेल्यावर त्या आमच्याकडे वास्कोला आल्या. इतर वारी त्या आवडीने मासे खातात, पण सोमवारी कडक शिवराक. कांदा-लसूणसुद्धा नाही. बाहेर जायचा विषय निघाला की त्यांचं वाक्य ठरलेलं, "तुमी वचात. माका पेज पुरो."

आणि आम्ही जात होतो. मजेत जेवून रात्री साडेनऊला परत यायचो, तर आई पेज जेवून, आपलं ताट धुऊन, दिवा मंद करून बसलेल्या असायच्या. त्यांची तक्रार कधीच नसायची. पण आम्ही सहाशे रुपयांचा पिझ्झा खाऊन आलो आणि त्या एकट्याच जेवल्या, हे ह्यांना खुपायचं. घरी आल्यावर ते उगाचच चिडचिड करायचे. मुलांना वाटायचं, बाबांना बिल जास्त आलं म्हणून राग आला.

गेल्या वर्षी लेकीचा अठरावा वाढदिवस नेमका सोमवारी आला. बारावी झालेली, जूनमध्ये पुण्याला कॉलेजसाठी जायचं ठरलेलं. तिने एकच हट्ट धरला, "इटालियनमध्येच जायचं आणि आजी आली पाहिजे. पुढच्या वाढदिवसाला मी इथे असेन की नाही, कुणाला ठाऊक?"

आई म्हणाल्या, "सोमवारी? आणि त्या हॉटेलात? नाका गो." लेक काही बोलली नाही. ह्यांनी पेपर वाचत असल्याचं नाटक केलं. घरात दोन दिवस तो विषय कुणीच काढला नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्या मालकांना फोन केला आणि सरळ विचारलं, "भाऊ, एक्याऐंशी वर्षांच्या बाई आहेत, सोमवारी शिवराक, कांदा-लसूण नाही. तुमच्याकडे काही होईल का? खरं सांगा." ते म्हणाले, "वहिनी, होईल. पण आमच्या मेन्यूवर व्हेज लिहिलेलं सगळंच त्यांना चालेल असं नाही. मी सांगतो ते लिहून घ्या."

त्यांनी जे सांगितलं ते मी खरंच कागदावर लिहून घेतलं. तुमच्या घरीही कुणी सोमवार, एकादशी किंवा श्रावण पाळत असेल तर ते उपयोगी पडेल.

पार्मेजान, म्हणजे खरं इटलीचं पार्मिजानो रेज्जानो चीज शाकाहारी नसतं. दूध विरजून घट्ट करायला त्यात वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट वापरतात. पेकोरिनो रोमानोमध्ये कोकराचं वापरतात. आपल्याकडे बनणाऱ्या बहुतेक चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून तयार केलेलं रेनेट असतं, म्हणून पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्यायचा.

ताज्या पास्त्याच्या पिठात पुष्कळदा अंडं असतं, विशेषतः चपट्या लांब पट्ट्यांच्या प्रकारात. दक्षिण इटलीच्या पद्धतीचा पास्ता मात्र जाड रवा आणि पाणी एवढ्यावरच होतो. रिसोत्तो, म्हणजे त्यांचा मऊ भात, अनेक ठिकाणी मांसाच्या पाण्यात शिजवतात. पुत्तानेस्का नावाच्या टोमॅटोच्या सॉसमध्ये खारवलेले छोटे मासे असतात. पान्ना कोत्ता हे गोड दिसायला निरागस, पण ते जिलेटीनने जमवतात आणि जिलेटीन जनावरापासून येतं. तिरामिसूत अंडं असतं आणि पुष्कळदा दारूही.

यादी वाचून ह्यांनी विचारलं, "मग उरलं काय?" पण आईंवर त्या कागदाचा वेगळाच परिणाम झाला. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "माणूस खरं बोलतो. गिऱ्हाईक जाईल म्हणून लपवलं नाही. येते मी."

सोमवारी संध्याकाळी नेसूचं नीट करून, केसात अबोली माळून आई निघाल्या. मालकांच्या बायकोने त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली, "मावशी, बसा" म्हणाली आणि आत नेऊन वेगळं पातेलं, वेगळा झारा दाखवून आणला. आईंनी नुसती मान हलवली, पण मला कळलं की पहिली परीक्षा पास झाली.

आधी आला टोमॅटोचा साधा सॉस, त्यावर हिरवी पानं. आईंनी पान बोटांत चुरडून वास घेतला आणि ताट बाजूला सारलं, "तुळस भाजीत घालतात?" मालक हसत म्हणाले, "तुळस नव्हे मावशी. सब्जा." खरंच आहे ते. आपण उन्हाळ्यात सरबतात घालतो ते सब्ज्याचं बी ज्या झाडाचं, तेच हे इटालियन बेसिल. तुळशीचं भावंड, पण वृंदावनातली तुळस नव्हे. ताट परत पुढे आलं.

त्या सॉसमध्ये होता अंगठ्याने दाबून केलेला छोट्या वाटीसारखा पास्ता. त्याला 'ओरेकिएत्ते' म्हणतात, म्हणजे चिमुकले कान. इटलीच्या पुल्या प्रांतातला हा प्रकार. बारी शहराच्या जुन्या भागात आजही म्हाताऱ्या बायका दारात टेबल मांडून, गप्पा मारत हे कान वळत बसतात. आईंनी एक कान चमच्यावर घेऊन दिव्यासमोर धरला, उलटा केला, आतून बघितला.

"अगो, हे तर वळवट!" त्या म्हणाल्या.

मुलांना शब्दच माहीत नव्हता. मलाही तो ऐकून माहीत, केलेला कधी नाही. मग आई बोलायला लागल्या आणि पुढचा अर्धा तास त्या टेबलावर दुसरं कुणीच बोललं नाही. लग्न ठरलं की आळीतल्या बायका दुपारी जमायच्या. रव्याचं पीठ घट्ट भिजवून कुटायचं, मग हाताने वळायचं. गव्हाच्या दाण्याएवढे ते गव्हले. नखाने दाबलेले नखुले. बोटावर वळलेली बोटवी. शिवाय मालत्या, फेणोल्या. सगळं वाळवून डबे भरायचे, रुखवतात मांडायचं आणि मग त्याची खीर. "माझ्या रुखवतात पाच जातींचं वळवट होतं," आई म्हणाल्या. "माझ्या आईने आणि तिघी काकवांनी महिनाभर बसून केलेलं."

इटालियन लोकांकडे गव्हल्यासारखाच दाण्याएवढा एक पास्ता असतो, त्याला 'ओर्झो' म्हणतात. ओर्झो म्हणजे जव. त्यांनी जवावरून नाव ठेवलं, आपण गव्हावरून. आणि आमच्या पेडण्याच्या घरी तांदळाच्या शिजवलेल्या पिठाच्या शिरवळ्या लाकडी साच्यातून दाबून काढतात, गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खातात. मुलांनी त्या दहादा खाल्ल्या असतील, पण तोही घरचा पास्ताच, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. टोमॅटोचंही तसंच. तो ना त्यांचा, ना आपला. सोळाव्या शतकात अमेरिकेतून युरोपात गेला आणि आपल्याकडे तो पोर्तुगीजांनी आणला, असं मानतात. बटाटा आणि पाव हे आपले शब्द तर सरळ पोर्तुगीजांकडूनच आलेत.

गोड म्हणून पान्ना कोत्ता आलं, जिलेटीनऐवजी चायना ग्रासने जमवलेलं. आईंनी संपवलं. मग मालकांना म्हणाल्या, "तुमचे कान बरे झालेत. पण पीठ अजून कुटायला हवं होतं." ते वाकून म्हणाले, "मावशी, जहाजावर इटालियन शेफ हेच सांगायचा."

घरी आल्यावर लेकीने आजीला विचारलं, "मला शिकवशील?" मे महिन्याचे शेवटचे आठ दिवस दोघी दुपारी स्वयंपाकघरात बसल्या. आईंची बोटं आता थरथरतात. त्यांचे गव्हले एकसारखे येत नव्हते, तेव्हा त्या पाटावरचं मोडून पुन्हा पिठात घालायच्या आणि थोडा वेळ गप्प बसायच्या. लेकीचे तर सुरुवातीला गव्हाऐवजी हरभऱ्याएवढे व्हायचे. पण आठव्या दिवशी एक छोटी बरणी भरली. ती पुण्याला गेली. हॉस्टेलच्या खोलीत खीर करायची सोय नाही, म्हणून लेकीने तिथल्या मैत्रिणींसोबत इलेक्ट्रिक किटलीत गव्हले उकडून त्यावर टोमॅटोचा सॉस घातला. तो फोटो आईंना दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "कांदा-लसूण घातलीस ना? मग सोमवारी नको खाऊस."

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच घरांत एक माणूस असतं जे "तुम्ही जा, मी घरीच बरी" म्हणतं. आपण ते खरं मानतो, कारण ते मानणं सोयीचं असतं. बऱ्याचदा त्या नकारामागे साधी भीती असते, की तिथे मला चालणारं काही नसेल, विचारायला लाज वाटेल आणि माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल. ते विचारायचं काम आपण करू शकतो. आधी एक फोन करा. चीज कुठलं, पिठात अंडं आहे का, सॉस कशात शिजतो, गोड कशाने जमवलंय, हे चार प्रश्न विचारा. गर्दीच्या शनिवार-रविवारपेक्षा आठवड्यातला मधला वार बघा, म्हणजे आतल्या माणसाला लक्ष द्यायला वेळ मिळतो. आणि उत्तर टाळणारं हॉटेल असेल तर दुसरं शोधा.

आम्ही आता महिन्यातून एका सोमवारी जातो. बिल पाच माणसांऐवजी चार माणसांचं येतं, कारण लेक पुण्यात आहे. आईंचं ताट मालक न विचारताच वाढतात. दिवाळीच्या सुट्टीत लेक येईल तेव्हा नखुले शिकायचे, असं आजी-नातीचं फोनवर ठरलंय. तुमच्या घरी वळवट करणारं कुणी असेल तर या सुट्टीत तुम्हीही त्यांच्याजवळ पाट घेऊन बसा. रवा तर घरात असतोच.