प्रसाधनांतील स्टार्च : निर्धोक खरा, पण कशाचा?

धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा आणि जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव येथे मक्यापासून स्टार्च काढणारे कारखाने आहेत. मका भिजवून त्यातील अंकुर, साल व प्रथिने वेगळी केली की शुभ्र स्टार्च उरतो. कपड्यांची खळ आणि स्वयंपाकातील कॉर्नफ्लोअर म्हणून तो आपल्या परिचयाचा आहे. चेहऱ्याच्या पावडरीत व क्रीममध्येही तो असतो, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

साधा स्टार्च घाम शोषतो, पण ओलाव्याने त्याच्या गुठळ्या होतात. म्हणून त्यावर रासायनिक प्रक्रिया करतात. ‘ॲल्युमिनियम स्टार्च ऑक्टेनिलसक्सिनेट’ हा असाच सुधारित स्टार्च. त्याचे कण पाणी दूर ठेवतात, पावडर मोकळी राहते आणि क्रीमचा तेलकटपणा कमी होतो.

तो सुरक्षित आहे काय? स्टार्चचे रेणू मोठे असल्याने निरोगी त्वचेतून ते सहसा शरीरात शिरत नाहीत. अमेरिकेतील प्रसाधन-घटक परीक्षण करणाऱ्या तज्ज्ञ मंडळाने शिसे, आर्सेनिक आदींची मर्यादा पाळण्याच्या अटीवर हा घटक सुरक्षित ठरविला आहे. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीनेही २०२३ पासून जगभर टाल्कऐवजी मक्याच्या स्टार्चची बेबी पावडर देण्याचे ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केले. तथापि कोणतीही पावडर श्वासावाटे तान्ह्या बाळाच्या फुप्फुसांत गेल्यास अपायकारक ठरते. बाळाच्या अंगावर ती उडवू नये. लाल, ओलसर चट्ट्यावर तर वैद्यकीय सल्ल्याशिवाय लावूच नये.

जैन कुटुंबापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. स्टार्च मका व तांदळाप्रमाणेच बटाटा आणि टॅपिओका या कंदांपासूनही मिळतो. कंदमुळांचा त्याग केलेल्या घरात तो अंगाला लावावा काय, हा ज्याच्या त्याच्या नियमाचा भाग आहे. परंतु निर्णयासाठी माहिती हवी. वेष्टनावर ‘झिया मेझ’ असल्यास मका, ‘ओरायझा सटायव्हा’ असल्यास तांदूळ आणि ‘सोलॅनम ट्यूबरोसम’ असल्यास बटाटा समजावा. सुधारित स्टार्चच्या नावावरून मात्र मूळ पीक बहुधा कळत नाही. अशा वेळी वेष्टनावरील ग्राहकसेवा क्रमांकावर विचारणा करावी.

प्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी भारतात २०१४ पासून बंद आहे. कायद्याने अहिंसेचे एक पाऊल टाकले. पुढचे पाऊल खरेदी करणाऱ्याच्या विवेकाचे आहे. ताटातील अन्नाबाबत आपण जी यतना पाळतो, तीच अंगाला लावण्याच्या वस्तूंबाबतही पाळावी.